पडलेल्या रॉकेटच्या बाजूने

तिरपुडे काकांनी आमच्याशी ओळख करून घेण्याआधी आमच्या जिन्याच्या कठड्याशी ओळख करून घेतली. अमेरिकेत बॉथेलमध्ये आम्ही नवीन घर घेतलं त्याच आठवड्यात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ आमच्या दारात वाकून कठडा भिंगातून बघत होते. मी "कोण हवंय?" म्हटल्यावर वरही न बघता म्हणाले, "हे कोणी जोडलं? त्याला माझ्यासमोर उभा करा."

मग सरळ उभे राहिले. "जय भीम. मी तिरपुडे, समोरच्या सिद्धार्थचा बाप. पडाल एक दिवस."

काका नागपूरकडचे. तिकडे एका सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर रॉकेटच्या इंधनाच्या टाक्या वेल्ड केल्या. काकू गेल्यावर मुलाने इकडे आणलं. अमेरिका त्यांना डोंगरांत दिसली नाही, मॉलमध्ये दिसली नाही. ती दिसली कच्च्या वेल्डिंगमध्ये. लायब्ररीचं रेलिंग, बागेतली घसरगुंडी, कशालाच माफी नाही. किराणा दुकानातली ट्रॉली उलटी करून त्यांनी मॅनेजरला बोलावलं आणि विचारलं, "यू कॉल धिस जॉइंट?" मॅनेजरने घाबरून त्यांना दुसरी ट्रॉली दिली. तीही त्यांनी उलटी केली.

पण खरा संताप रॉकेटवरून. म्हणजे रॉकेटवर नाही, रॉकेटला हसणाऱ्यांवर.

अमेरिकेत रॉकेटचा खालचा भाग परत येऊन आपल्या पायांवर उभा राहतो, हे आता आमच्या मुलांना स्कूलबस आल्यासारखं वाटतं. चीनमधल्या नवीन खाजगी कंपन्याही तेच करायला बघतायत. काका त्यांचं प्रत्येक उड्डाण फोनवर बघतात. चिनी कळत नाही, कळायची गरजही वाटत नाही. "आवाजावरून समजते ना बाप्पा, इंजिन खोकून राहिलं की गाऊन राहिलं." एखादं पडलं की दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाहीत. सिद्धार्थ वैतागतो. "बाबा, तुमचा काय संबंध यार?"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी दहाबारा जणांना जेवायला बोलावलं होतं. जेवण चालू असताना माझ्या ऑफिसमधल्या निखिलने टीव्हीवर व्हिडिओ लावला. आदल्याच दिवशी उडालेलं एक चिनी रॉकेट. खालचा भाग परत आला, उतरायच्या जागेपाशी पोचला आणि शेवटच्या क्षणी पेटून कोसळला. निखिल ओरडला, "चायना माल! नो वॉरंटी!" सगळे हसले. मीही हसले. त्याने ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा काकांनी ताट खाली ठेवलं आणि टीव्हीची वायर भिंतीतून उपटली.

"हासून काऊन राहिले बे? वरचा भाग पोचला ना अंतराळात? तो दाखव. तो नाही दाखवत!"

"काका, चिल. आपलं थोडंच आहे? चायनाचं पडलं."

"पडलं, त्याच्यामागं पोरं असतात शे-दोनशे. आज ते घरी जाऊन आईला काय सांगतील, विचार केला? तू आयुष्यात एक तरी वस्तू वर फेकली का रे, भाताशिवाय?"

निखिलच्या शर्टवर खरंच भात होता. कोणीही हसलं नाही. सिद्धार्थ लालबुंद होऊन त्यांना दंडाला धरून घेऊन गेला. माझी पार्टी संपली.

रात्रभर माझा संताप. माझं घर, माझे पाहुणे! सोमवारी ऑफिसमधून परतल्यावर मी काकांना माफी मागायला लावायची असं ठरवूनच त्यांच्या दारावर थाप मारली. काका जेवणाचा डबा हातात घेऊन तयारच होते.

"बरं झालं आलीस पोरी. गाडी काढ. वांगेसाहेबांकडे जायचं आहे."

वांगेसाहेब म्हणजे तळ्यापलीकडे राहणारे चिनी गृहस्थ, वांग. दोघे रोज तळ्याभोवती फिरतात. सामाईक भाषा एकही नाही, तरी फोनवरचे फोटो दाखवत, हातवारे करत तासभर बोलतात. "दोन दिवस झाले, फिरायला आले नाही," काका गाडीत म्हणाले. "त्यांची पोरगी तिकडं त्याच रॉकेटवर आहे. टाक्या जोडते."

मी गाडीचा वेग कमी केला. मग काका समोर बघत, दात आवळून बोलले.

"आमचंही पडलं होतं एकदा. समुद्रात. चौकशीत पहिलं नाव माझं. कँटीनमध्ये मला ऐकू जाईल असं म्हणाले, सवलतीवर आलेल्यांच्या हाती टाकी दिली की हेच होणार. आठ महिन्यांनी निघालं, जोड शाबूत होता, वॉल्व्ह अडकला होता. एका कागदावर लिहून दिलं. तोंडाने कोणी बोललं नाही. एकानेही नाही!" त्यांनी डॅशबोर्डवर मूठ आपटली. मला निखिलचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा.

वांगसाहेबांनी दार उघडलं. डोळे सुजलेले. हातातल्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडे सकाळ होती आणि पंचविशीतली एक मुलगी कारखान्याचं जाकीट घालून, केस विस्कटलेल्या अवस्थेत भिंतीला टेकून बसली होती. वांगसाहेबांनी काकांकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं. ती इंग्रजीत हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्हीही हेच काम करायचात. माझा जोड तुटला असेल का हो?"

मला वाटलं, आता काका प्रश्नांची फैर झाडणार. धातू कुठला, तपासणी कोणी केली. काकांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"तिला विचार, काही खाल्लंस का?"

मी विचारलं. तिने मान हलवली. नाही. कालपासून नाही. आणि तोंड झाकून रडायला लागली.

"नाही म्हणते!" काका कडाडले. "सांग तिला, रागावून सांग. चौकशी-बिकशी मागाहून. आधी जेव म्हणावं. मी फोन ठेवत नाही."

मी सांगितलं. ती उठली. बऱ्याच वेळाने एक वाडगा घेऊन आली आणि खाली मान घालून खाऊ लागली. काकांनी फोन टेबलावर उभा करून ठेवला. वांगसाहेबांनी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. तिचा वाडगा रिकामा होईपर्यंत दोघं म्हातारे तिचं खाणं बघत बसले.