वहीतला ससा

बालवाडीच्या फाटकाशी स्कूटर लावून, सीटवर वही उघडून भिंगरीचा बाबा डोकं खाजवत उभा होता. घंटा व्हायला चार मिनिटं होती आणि वहीत एक ओळ लिहायची होती.

या बालवाडीची पद्धतच तशी. मूल घरी काय करतं ते पालकांनी रोज एका ओळीत लिहायचं, बाई ती ओळ सकाळी सगळ्यांसमोर वाचणार आणि त्यावरून मुलाला बोलतं करणार. भिंगरीची आई नर्स, तिची पहाटेची ड्यूटी, म्हणून वही बाबाच्या गळ्यात पडली. आठवडाभर त्याने 'जेवली, झोपली' एवढंच लिहिलं आणि बाईंनी रोज खाली लाल रेघ मारली. भिंगरी घरी बोलून बोलून डोकं उठवायची, पण बालवाडीत दोन महिन्यांत तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पोरीला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, असं बाईंनी हळूच सुचवल्यापासून आईबाबांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाबाने वर पाहिलं. भिंतीवर ससा रंगवलेला होता. त्याने लिहून टाकलं, 'काल घरी ससा आणला. दोघांची गट्टी जमली.'

आता हा माणूस कोण, तर दुकानदारांचे वजनकाटे तपासणारा निरीक्षक. पाच ग्रॅमची लबाडी त्याला दुरून दिसायची, आणि कुणाच्या घोटभर चहालाही तो कधी मिंधा झाला नव्हता. पण घंटा झाली की भल्याभल्यांची मती गुंग होते.

दुपारी वहीत बाईंचा शेरा आला. भिंगरी आज बोलली. एकच शब्द, 'ससा'. आईने आधी डोळे पुसले आणि मग वरची ओळ वाचली.

"कुठला ससा?"

बाबाने सगळं कबूल केलं.

"उद्याच्या उद्या बाईंना खरं सांगून टाक."

"आणि ती परत गप्प बसली तर?"

दुसऱ्या दिवसाची ओळ, सशाला शिंका येतात, ही ड्यूटीला जाण्याआधी आईनेच लिहिली. त्या दिवशी भिंगरी दोन शब्द बोलली. मग काय विचारता, ससा घोरायला लागला, पायपुसणं कुरतडायला लागला, पांढराशुभ्र झाला. भिंगरी रोज संध्याकाळी विचारायची की आपला ससा कुठाय, आणि बाबा म्हणायचा, येणारे.

शेवटी बाईंचा निरोप आला. गुरुवारी सगळे पालक जमणार आहेत, ससा घेऊन या, भिंगरी त्याची माहिती सांगेल.

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिवस तो काटे तपासायचा आणि सशाची चौकशी करायचा. अख्ख्या शहरात ससा निघाला तो नेमका पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराकडे, ज्याचा काटा त्याने गेल्याच महिन्यात सील केला होता. तोही पांढरा नाही, तपकिरी. दुकानदाराने एक काय दोन न्या म्हणून आग्रह केला. निरीक्षक साहेबांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. बारापर्यंत परत करतो, असं चिठ्ठीवर लिहून देऊन त्यांनी सशाची टोपली उचलली.

वाटेत त्याने भिंगरीला पढवलं. बाई विचारतील तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला हे सांगत होता.

वर्गात पालक इवल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. ड्यूटी बदलून आलेल्या आईने बाबाचा हात घट्ट धरला. बाईंनी टोपली उघडली आणि रंग बघून त्या जरा थबकल्या.

"भिंगरी, हा ससा तुमच्याकडे कधी आला?"

भिंगरीने बाबाकडे पाहिलं. ती गप्प राहिली तर आतापर्यंतच्या बोलण्यावर पाणी, आणि बोलली तर अब्रूवर.

"आज सकाळी," भिंगरी म्हणाली. मग थांबेचना. "हा आमचा नाहीये. दुकानातल्या काकांचा आहे. आमच्याकडे ससाच नाही. बाबा रोज फाटकाशी उभा राहून खोटं लिहितो. आईपण लिहिते. शिंकांचं आईने लिहिलं. आणि हा घोरत नाही, मी टोपलीला कान लावून बघितलं."

बाबाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई खाली बघत होती, पण रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. भिंगरी मात्र आता शेजारच्या मुलीला ससा कसा धरायचा ते सांगत होती, अगदी घरच्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर दोघं चोरासारखी बाईंपुढे उभी राहिली. बाबाने माफी मागायला तोंड उघडलं, तर बाईंनी हातानेच थांबवलं. त्यांची नजर अजून बोलतच असलेल्या भिंगरीवर होती. त्यांनी वही बाबाच्या हातात दिली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"उद्याही असंच काहीतरी धडधडीत खोटं लिहून आणाल का?"