निमकरांचे वायपर

दरवर्षी एप्रिलच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक सोहळा होतो. निमकर भावोजी आपल्या पांढऱ्या गाडीचे दोन्ही वायपर काढतात, त्यांना टाल्कम पावडर लावतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि घरी नेऊन गौरीच्या मुखवट्यांशेजारी ठेवतात. मग वायपरच्या उघड्या दांड्यांवर त्यांच्या लेकीचे, रेवाचे, शाळेतले निळे मोजे चढवतात. त्यानंतर उन्हाळाभर आमच्या अल मनखूल भागातून एक गाडी मोजे घालून फिरत असते. एकदा पोलिसानं थांबवलं होतं. दुबईच्या उन्हात रबर कसं तडकतं, हे भावोजींनी त्याला इतकं सविस्तर समजावलं, की शेवटी तोच बिचारा 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', म्हणत निघून गेला.

वायपर निघाले म्हणजे वादळांचा सीझन संपला. कारण निमकर भावोजी वादळांचा पाठलाग करतात.

तुमच्या डोळ्यांपुढे आता कुणी धाडसी गडी उभा राहिला असेल, तर त्याला खाली बसवा. भावोजी रास अल खोरला पाण्याच्या टाक्या विकतात. पुण्यात होते तेव्हा चार थेंब पडले तरी खिडक्या लावून, कानाला मफलर बांधून बसायचे, असं त्यांची बायको सुलभा सांगते. विजेला ते अजून घाबरतात. डोंगरावर ढग जमले की गाडी काढायची, डोंगरातल्या मसाफी गावापर्यंत जायचं, तिथल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी लावायची आणि वाऱ्यानं काचेवर चार थेंब उडाले की मागे फिरायचं, हा त्यांचा पाठलाग. "वहिनी, मी पाठलाग करतो," ते मला म्हणाले होते, "गाठत नाही."

गाडीत 'पाऊस' हा शब्द काढायचा नाही. पाऊस म्हणजे पाहुणे. 'पाहुणे निघालेत', 'पाहुणे फुजैराकडे वळले', 'पाहुण्यांचा मूड दिसत नाही' असे निरोप आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हिवाळाभर येतात. एकदा माझ्या सासूबाईंनी ते वाचून खरोखर जास्तीची कणीक मळली होती.

पुढच्या सीटवर रेवा, मांडीवर मोबाइल, त्यात ढगांचा नकाशा. मागे सुलभा, तिच्या मांडीवर थालीपिठांचा डबा. रेवा इथेच वाढलेली, त्यामुळे बाप मराठीत विचारतो आणि लेक इंग्रजीत उत्तर देते. परत फिरायची वेळ झाली की भावोजी क्षितिजाकडे बोट दाखवणार आणि म्हणणार, "थांबा, अजून एक आहे." तो अजून एक बहुतेक वेळा विमानाचा धूर असतो.

आता या वेडाशी आमचा काय संबंध, असं विचाराल. संबंध साबुदाण्याचा आहे. आम्ही बिल्डिंगमधल्या मराठी बायका उन्हाळ्यात गच्चीवर पापड्या घालतो. वॉचमन युसुफभाई किल्ली देतात, आम्ही त्यांना पापड्या देतो. एका वर्षी भावोजींचे वायपर निघायच्या आधीच आम्ही शहाणपणा केला. दुपारी कुठूनसा एक ढग आला आणि पापड्यांची खीर झाली, वरून वाळू भुरभुरलेली. तेव्हापासून नियमच झाला. निमकरांचे मोजे चढल्याशिवाय साबुदाणा भिजवायचा नाही.

यंदा मे उजाडला तरी वायपर गाडीवरच. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख. बाल्कनीच्या कठड्याला हात लागला तर चटका बसत होता. युसुफभाई रोज गाडीपाशी थांबून विचारायचे, "साब, सीझन खलास?" आणि भावोजी मान हलवायचे, अजून एक आहे. बायका कुरकुरायला लागल्या. अखेर शिष्टमंडळ म्हणून मला पाठवलं, कारण बोलायचे मला कष्ट पडत नाहीत हे सर्वांना माहीत आहे.

मी गेले, हात जोडले, साबुदाण्याची कैफियत मांडली. भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, शनिवारी आमच्याबरोबर चला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

शनिवारी मी सुलभाशेजारी मागे बसले. निघतानाच रेवानं जाहीर केलं, "देअर्स अ सेल ओव्हर मसाफी, बाबा. स्मॉल वन." सेल म्हणजे पावसाच्या ढगांचा पुंजका. भावोजींचा चेहरा खुलला. वाटेत ते दर थोड्या वेळानं विचारत होते, पाहुणे कसे आहेत, आणि ती मांडीकडे बघून सांगत होती, "बिल्डिंग अप, बाबा."

बाहेर तर कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. मला राहवेना. नकाशा बघावा म्हणून मी पुढे वाकले. मोबाइल काळा होता. बंद. रेवा त्या काळ्या काचेवर बोट फिरवत बापाला ढग वाचून दाखवत होती.

मी तोंड उघडलं, तोच सुलभानं माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला.

पंपावर पोचल्यावर बापलेक गाडीतच बसले. आम्ही दोघी चहा आणायला गेलो आणि तिथं सुलभानं सांगितलं. रेवाला टोरांटोला नोकरी लागली होती. तिकडचे लोक बोलावत होते, पण सीझन संपला की तिकीट काढायचं असं बापलेकीचं ठरलेलं. म्हणून सीझन काही संपत नव्हता.

"आणि हे वेड लागलं कसं, माहितेय?" सुलभा म्हणाली. रेवा केजीत असताना चित्रात ढग रंगवायची, पण तिनं वीज पाहिलीच नव्हती. म्हणून हे तिला घेऊन इथवर आले. वीज कडाडली तशी यांनी स्टीअरिंगमागे डोकं घातलं. आणि ती टाळ्या पिटत म्हणाली, "वन मोअर, बाबा."

आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा भावोजी समोरच्या कोरड्या डोंगराकडे बघत होते.

"गेले वाटतं पाहुणे," ते म्हणाले.

रेवानं मोबाइल पर्समध्ये टाकला. "आय थिंक दॅट वॉज द लास्ट वन, बाबा."

त्यांनी काचेवरून एकदा वायपर फिरवला. कोरड्या काचेवर तो करकरला. मग म्हणाले, "बरं. तिकीट बघ."

परतीच्या वाटेवर थालीपिठं सर्वांनी खाल्ली आणि लोणचं छान झालंय, असं प्रत्येकानं एकदा म्हटलं. मी तर दोनदा म्हटलं.

रेवा टोरांटोला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी पावडरचा डबा घेऊन पार्किंगमध्ये उतरले. युसुफभाईंनी नेहमीचं विचारलं. भावोजींनी या खेपेला मान डोलावली. मी वरून पाहत होते, ती सुटकेचा निःश्वास टाकून खाली धावले.

त्यांनी स्टीअरिंगच्या बाजूचा वायपर काढला, पावडर लावली, कागदात गुंडाळला. दांडीवर मोजा चढवला. आणि दुसरा मोजा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"भावोजी," मी म्हटलं, "तो दुसरा राहिला की."

रेवाच्या सीटसमोर तो वायपर काचेला चिकटून होता. भावोजींनी त्यावरची धूळ बोटानं पुसली.

"त्या बाजूला अजून एक आहे," ते म्हणाले.

आम्ही पापड्या घातल्या. ऊन इतकं कडक होतं, की त्या संध्याकाळच्या आत खुळखुळायला लागल्या. तरी बायकांना न सांगता मी गच्चीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा मोठा कागद घडी करून ठेवला होता.