घरचीच पोरं : अकरा हंगामांचा अहवाल

तरुणांना संधी दिली की संस्था पुढे जाते, यावर सगळ्या संस्थांचं एकमत आहे. तरुण कोणाचे, यावर मात्र कुणी तोंड उघडत नाही. ही उणीव प्रताप नगरातल्या रितिकानं भरून काढली. वय पंधरा, इयत्ता दहावी, आणि यंदापासून स्वतःची मतं (त्याआधी ती आईची वापरत होती).

रितिका ज्या संघाची सर्वेसर्वा होती, तो संघ तिच्या दादाच्या, म्हणजे दुर्गेशच्या, लॅपटॉपमध्ये राहत होता. हा फुटबॉलचा असा खेळ आहे की त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. फक्त संघ सांभाळायचा: कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला बाकावर बसवायचं. (शाळेत जे आपल्याला करतात, ते इथे आपण करतो.) दर हंगामाला खेळ सोळा नवी पोरं आणून देतो आणि प्रत्येकाच्या नावापुढे चांदण्या लावतो. पाच चांदण्या म्हणजे पोरगा नाव काढणार. एक चांदणी म्हणजे पोराचा स्वभाव चांगला आहे.

दुर्गेशचं म्हणणं, तयार खेळाडू विकत घे आणि मोकळी हो. रितिकाचं म्हणणं, संघ घरच्या पोरांवरच उभा राहील आणि करंडकही घरचीच पोरं आणतील. हे तिनं जेवताना सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. दहा हंगाम करंडक आला नाही. आता अकरावा चालू होता, आणि नोकरी लागलेला दुर्गेश रविवारी लॅपटॉपसकट पुण्याला चालला होता. म्हणजे शनिवारी करंडक, नाहीतर कधीच नाही.

धोरणात चूक नव्हती. फक्त खेळ पोरांना जी नावं देतो ती परकी असतात आणि परक्या पोरावर जीव लागत नाही, म्हणून रितिकानं ती बदलून नातेवाइकांची ठेवली. आणि दर आठवड्याला खेळणाऱ्यांची यादी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली.

पहिला फोन कोराडीच्या कॉलनीतून आला. कुसुमताई मावशीचा आयुष सहावीत आहे, आणि त्याच्या नावाचा गोलकीपर बाकावर होता. मावशीनं आधी सगळ्यांच्या तब्येती विचारल्या.

"काहून वं, आमच्या पोराले बसवून काहून ठेवलं?"

रितिकानं समजावलं की हा दीड चांदणीचा आहे, अजून कच्चा आहे.

"दीड? एक्क्याऐंशी टक्के आहेत त्याले."

आयुषला पुढचे एकवीस सामने खेळवण्यात आलं. संघानं त्रेपन्न गोल खाल्ले. मावशीनं ग्रुपवर लिहिलं की बचाव करणाऱ्यांचं लक्ष नसतं.

बचावात डावीकडे मधुकरराव होते. मधुकरराव म्हणजे रितिकाचे मोठे काका (खेळात वय बावीस, पारशिवनीत एकसष्ट). 'मधुकररावचा गुडघा गेला, सहा आठवडे बाहेर' असं ग्रुपवर आलं त्या दिवशी गावातली चार माणसं शहाळी घेऊन त्यांना बघायला गेली. काका वांग्यांवर फवारणी करत होते. लोक एवढं बघायला आले म्हणून त्यांनी दोन दिवस काठी घेतली. संध्याकाळी फोन केला तो वेगळ्याच कामासाठी.

"विकाचं असन तं मोठ्या टीमले विक वं बाई. लहान टीमले गेलो तं गावात काय तोंड दाखवू?"

मोठ्या टीमला ते नको होते. ते राहिले.

अशा रीतीनं निवडीचे निकष आपोआप ठरत गेले: चांदण्या वीस टक्के, मेहनत वीस टक्के, घरी येणं-जाणं साठ टक्के. आई प्रेमिला मधल्या फळीत होती, कारण आईला काढलं तर डबा कोण देणार. दुर्गेश नावाचा खेळाडू तिसऱ्या हंगामात चार्जरवरून झालेल्या भांडणानंतर विकण्यात आला. (विकला तो खेळाडू. चार्जर दिला नाही तो भाऊ.) आणि सगळ्यात पुढे, दहा नंबरचा शर्ट घालून, कर्णधार रितिका. उंची पावणेसहा फूट, बारीक मिशी, दीड चांदणी. खेळातल्या प्रशिक्षकानं तिच्याबद्दल लिहिलं होतं: लवकर दमते, रेफरीशी वाद घालते. व्यवस्थापनानं दुसरा मुद्दा गुणांत धरला. अकरा हंगामांत ती एकदाही बाकावर बसली नाही.

आकडेवारी अशी. आलेली पोरं एकशे शहात्तर. नाव मिळालेली चोवीस. उरलेल्या एकशे बावन्न जणांना उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छा देऊन मोकळं करण्यात आलं.

चोविसावा कवडू. नातेवाईक तेविसावरच संपले होते, म्हणून सुचलं ते नाव ठेवलं. पाच चांदण्या. घरात या नावाचं कुणी नाही, त्यामुळे त्याच्यासाठी फोनही नाही. चार वर्षांत तो एकसष्ट मिनिटं खेळला, आणि त्या एकसष्ट मिनिटांत संघ एकदाही मागे पडला नाही. प्रशिक्षक दर सोमवारी लिहायचा: कवडूचा विचार व्हावा. रितिका दर सोमवारी 'वाचलं' हे बटण दाबायची. तिचा कवडूवर राग नव्हता. तो तक्रार करत नाही, याचं तिला कौतुकच होतं.

शनिवारी दुपारी अंतिम सामना लागला. दुर्गेशला निरोप द्यायला काका आणि मावशी आलेच होते. कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या ताटल्या घेऊन सगळे लॅपटॉपभोवती बसले, आणि जो तो स्वतःलाच बघू लागला. समोरचा संघ विकत घेतलेल्यांचा. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात एक गोल केला. सत्तराव्या मिनिटाला आपले तिघं दमले म्हणून बाकावरचे तिघं आत पाठवले. त्यात कवडू होता, कारण बाकावर तिघंच उरले होते. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली. गोल कसा झाला ते कुणी पाहिलं नाही. त्या वेळी मधुकरराव लंगडताहेत की नाही, यावर चर्चा चालू होती.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. खोलीत कुणी वडी चावेना. दुर्गेशनं खेळ थांबवला.

"कवडूले दे," तो हळूच म्हणाला.

"कॅप्टन मी आहो."

"अवं, कॅप्टन तो मिशीवाला आहे. तू नाही."

रितिकानं त्याला शांतपणे सांगितलं की अकरा हंगामांत आपण स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. (दहा नंबरचा शर्ट, कर्णधारपद आणि सगळ्या पेनल्टी तिनं मागितल्या होत्या आणि स्वतःच मंजूर केल्या होत्या.) मग तिनं खेळ सुरू केला. कर्णधार रितिका सहा पावलं मागे गेली, धावत आली, आणि चेंडू गोलच्या वरून, जाहिरातीच्या फलकांच्या वरून, प्रेक्षकांच्याही वरून निघून गेला.

"पारशिवनीच्या बसमंधी बसला," काका म्हणाले.

त्र्याण्णवाव्या मिनिटाला आयुषच्या दोन पायांमधून गोल गेला. मावशी म्हणाली, त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. रितिकानं वडी खाल्ली. ती गार झाली होती.

हंगाम संपल्यावर समजलं की कवडूचा करारही त्याच दिवशी संपला. करार वाढवायचा राहून गेला होता. कुणी आठवण करून दिली नाही. (प्रशिक्षकानं करून दिली होती. 'वाचलं' दाबलेलं होतं.) रविवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत गेला, दुर्गेश स्टेशनवर, आणि आई दिवसभर कपाट आवरत बसली.

महिन्याभरानं दुर्गेशनं पुण्याहून ग्रुपवर एक फोटो टाकला. खेळाच्या पडद्याचा. नव्या संघाच्या शर्टात कवडू, हातात करंडक. खाली दुर्गेशनं काही लिहिलं नव्हतं, आणि तेच रितिकाला जास्त लागलं. पहिला मेसेज मावशीचा आला: "किती गुणी पोरगा. याले काहून नाही खेळवलं वं?" काकांनी हात जोडले. आईनं हळहळ व्यक्त केली. रितिकानं दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं, आणि निष्कर्ष नोंदवला: पोरं घडवण्यात घातलेली मेहनत पूर्ण परत मिळते. फक्त पत्ता बदलतो.

वाचकांनाही कवडूबद्दल वाईट वाटलं असेल, याची रितिकाला खात्री आहे. ते स्वाभाविकच आहे. गोलमध्ये आयुष, डावीकडे मधुकरराव, मधे प्रेमिला, पुढे रितिका, हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. कवडू कोणत्या जागेवर खेळतो, हे या अहवालात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत आलात, आणि तुम्हीही विचारलं नाही.