मदतीने भरलेली खिंड

एका जंगलात सगळेच प्राणी फार दयाळू होते. बालमित्रांनो, दयाळू प्राण्यांची गोष्ट म्हणून लगेच ऐसपैस मांडी घालून बसू नका. या गोष्टीत आग आहे.

जंगलाच्या खालच्या अंगाला तळे होते. वरच्या अंगाला गवताळ डोंगर होता. मधे होती एक खिंड. ती इतकी अरुंद, की दोन गवे समोरासमोर आले तर एकाला मागे सरावे लागे. गवे मागे सरत नाहीत. त्यामुळे एकदा ती वाट चार दिवस बंद होती.

चैत्रातल्या एका दुपारी डोंगराच्या माथ्यावर वणवा लागला. तो कसा लागला याची चौकशी अजून चालू आहे.

त्या जंगलात वणव्याशी लढणारी एक टोळी होती. सात रानडुकरांची. ती नाकाडाने गवत उपटून जमिनीचा एक लांबलचक उघडा पट्टा तयार करत. त्याला जाळरेषा म्हणतात. आग पट्ट्यापर्यंत येते, तिला पुढे खायला काही मिळत नाही आणि मग ती मुकाट्याने विझते. टोळीचा म्होरक्या होता गेनूजी. तो फारसा बोलत नसे. टोळीबरोबर भिवराबाई वानरीण असायची. आगीत सापडलेली पिल्ले पोटाशी धरून बाहेर आणायची, हे तिचे काम.

धूर दिसताच टोळी निघाली. तेवढ्यात सगुणा ससीण धापा टाकत आली.

"भिवराबाई, माझी दोन पोरं वर आहेत हो! काटेसावरीखाली, गवतात."

"मग पळत का नाहीत ती?"

"मीच शिकवलंय त्यांना. धोका आला की अजिबात हलायचं नाही म्हणून. आणि मला मेलीला त्यांना उचलताही येत नाही."

गेनूजीने धुराकडे पाहिले. वारा वरून खाली वाहत होता.

"आगीला सावरीपर्यंत यायला अर्धा प्रहर," तो म्हणाला. "आपल्याला पाव. जमतंय. चला."

जमलेही असते. पण खिंडीत मदत येऊन थांबली होती.

बापूसाहेब गवा वाटेच्या मधोमध उभे होते. जंगलात काहीही घडले की तिथे ते अध्यक्ष असत. त्यांच्यामागे सगळे जंगल लोटले होते. सांबररावांनी गेल्या वर्षी गळलेली शिंगे दान म्हणून आणली होती. धामणकाकूंनी आपली कात आणली होती.

"अगदी नवी आहे हो," त्या ज्याला त्याला सांगत होत्या. "एकदाच वापरलेली."

टोळीला धीर यावा म्हणून मोर नाचत होता. पिसारा दोन्ही कड्यांना टेकला होता. वर एक घार घिरट्या घालत सगळ्यांना आगीची ताजी बातमी देत होती.

"वाट द्या," गेनूजी म्हणाला.

"देतो की! तुमच्यासाठीच तर आलोय," बापूसाहेब म्हणाले. "फक्त एक छोटासा सत्कार. शाल पळसाच्या पानांची आहे, गोड मानून घ्या. नारळ मिळाला नाही, कवठावर भागवलंय."

"नंतर करा."

"नंतर कसा? नंतर तुम्ही असाल, नसाल!"

हे ते मनापासून, अगदी प्रेमाने म्हणाले. कित्येकांचे डोळे पाणावले.

"आग सावरीपासून पाचशे पावलांवर!" घार ओरडली. "बघत राहा!"

सगळे "अरेरे" म्हणाले आणि नीट दिसावे म्हणून दोन पावले पुढे सरकले. खिंड आणखी गच्च झाली. सगुणा पायांमधून वाट काढू लागली. तिला कुणीतरी चुचकारून परत मागे बसवले.

"रडू नका ताई," मोर म्हणाला. "आम्ही आहोत ना."

"तेच म्हणते मी," सगुणा म्हणाली. "तुम्ही आहात."

बापूसाहेबांना तिची फार दया आली. ते गेनूजीला म्हणाले, "आमच्याकडून काय मदत हवी ते मोकळेपणाने सांगा. संकोच करू नका."

"बाजूला व्हा."

बापूसाहेबांचा चेहरा पडला. "बाजूला व्हायला आम्ही एवढ्या उन्हात आलो काय?"

गर्दीच्या कडेला काशिराम साळिंदर उभे होते. काटे टोचतात म्हणून त्यांच्याजवळ कुणी उभे राहत नसे. डुकरांबरोबर चार हात माती उकरावी, एवढ्यासाठी ते आले होते. त्यांनी धुराकडे पाहिले. सगुणेकडे पाहिले. मग आयुष्यात पहिल्यांदाच ते मोठ्याने खोटे बोलले.

"अहो, खाली तळ्यावर वाघमहाराज आलेत! मदत करणाऱ्यांची विचारपूस चाललीय. प्रत्येकाचा महाराजांबरोबर फोटो!"

मग मोराने पिसारा असा मिटला, की तो कधी उघडला होता की नाही याची शंका यावी. सांबरराव शिंगे तिथेच टाकून पळाले. घारही बातमी अर्धवट सोडून खाली गेली. आणि जे गवे मागे सरत नाहीत म्हणतात, त्यांच्यातले बापूसाहेब तळ्यावर सर्वांत आधी पोहोचले.

खिंड मोकळी झाली. पण पाव प्रहर गेला होता.

वाटेत शिंगांचा ढीग होता, तो आधी ढकलावा लागला. कात वाळकी, जवळ ठिणगी पडली तर भपकन पेटणारी. तीही मातीखाली पुरावी लागली. टोळी वर पोहोचली तेव्हा सावरीच्या मागचे गवत पेटले होते. डुकरे तशीच भिडली. काशिरामही भिडले. गेनूजीची पाठ भाजली, तरी नाकाड जमिनीवरून उचलले गेले नाही. भिवराबाई सरळ धुरात शिरली.

सगुणा खिंडीच्या तोंडाशी उभी होती. त्या वेळी तिच्या जिवाचे काय झाले असेल, ते मला सांगता येणार नाही.

भिवराबाई बाहेर आली. पोटाशी एक पिल्लू होते. ते तिने सगुणेपुढे ठेवले आणि ती परत आत गेली. या वेळी तिला बराच वेळ लागला. आली तेव्हा तिच्या शेपटीचे केस जळाले होते, आणि दुसऱ्या पिल्लाचा एक कान अर्धाच उरला होता. आईने सांगितल्याप्रमाणे ते अजूनही हलत नव्हते. सगुणेने त्याला चाटले, पुन्हा पुन्हा चाटले. तेव्हा कुठे ते हलले.

जाळरेषेशी आग विझली. निम्मा डोंगर गेला.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना तळ्याकाठी मोठा समारंभ झाला. मदतीला धावलेल्या सदतीस जणांना मानपत्रे दिली. रानडुकरे आणि भिवराबाई आली नव्हती. राखेत कुठे धुगधुगी उरली आहे का, ते बघत ती डोंगरावर फिरत होती. "थोडा वेळ आली असती तर शोभा वाढली असती," असे बापूसाहेब म्हणाले.

नंतर काशिरामांना पुढे बोलावले. ऐन संकटात अफवा पसरवून मदतकार्य उधळून लावल्याचा त्यांच्यावर ठपका होता. शिक्षा झाली, की पुढच्या वणव्यात त्यांनी मदतीला यायचे नाही. काशिरामांनी मान डोलावली आणि ते सभेच्या कडेला जाऊन बसले.

मग सगुणेला उभे केले. सदतीस जणांची नावे घेऊन आभार मानायचे होते. ससीण पिल्लांना दिवसातून एकदाच पाजते, तेही तिन्हीसांजेला. चौथ्या नावाला उजेड कमी झाला.

"येते मी," सगुणा म्हणाली. "पोरं उपाशी आहेत."

"पाहा!" बापूसाहेब सभेला म्हणाले. "याला म्हणतात कृतघ्नपणा."

सभेने माना हलवल्या, पण जागचे कुणी हलले नाही. सगुणा इकडून तिकडून वाट शोधत राहिली. शेवटी काशिराम उठले आणि दोन पावले बाजूला झाले. तेवढ्याशा फटीतून ती घराकडे पळाली.

तात्पर्य : वणवा लागला की मदतीला जरूर धावावे, आणि वाटेच्या मधोमध उभे राहावे. बाजूला झालेल्याची मदत कुणाला दिसत नाही.