पिवळा की पांढरा?

"पांढरे लावले तर दूरवरचं दिसते," साहिल म्हणाला, "आन् पिवळे लावले तर धुक्यात, धुळीत जवळचं साफ दिसते. पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येते भाऊ. पिवळा तेवढा नाई येत. आता तुम्हीच सांगा, दूरचं पाह्यचं आहे का जवळचं?"

साहिलचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, आणि काउंटरवर एलईडी दिव्यांचे दोन नमुने लावून त्याने दुर्गेश बावनकरसमोर ठेवले होते. दुर्गेशचं स्वतःचं नागपूरच्या महाल भागात चष्म्याचं दुकान. दिवसभर तो गिऱ्हाइकांना भिंग बदलून बदलून विचारत असे, "हे साफ दिसते का हे?" आणि एखाद्याने उत्तर द्यायला वेळ लावला की मनातल्या मनात चिडत असे. आज तो स्वतः अर्धा तास गप्प उभा होता.

"दूरचं म्हणजे काय दिसंल?" त्याने शेवटी विचारलं.

"काय असंल ते. रानडुक्कर, नीलगाय, वाघ."

"आन् जवळचं?"

"तेच. पण जवळ."

त्याची सासुरवाडी रामटेकच्या पलीकडे हिवराटोल्याला, आणि तिथे जायच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा जंगलाच्या कडेकडेने, धानाच्या बांध्यांमधून जायचा. मागच्या हिवाळ्यात तिथल्या कोणाचं तरी वासरू वाघाने नेलं. तेव्हापासून तो वाघ जंगलात कमी आणि दुर्गेशच्या डोक्यात जास्त राहत होता. बसने नको, मोटारसायकलने तर नकोच, म्हणून त्याने ही उंच, जाडजूड, जुनी फोर बाय फोर जीप घेतली. घरी आणल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हिचं छप्पर कापडाचं आहे.

आता निदान दिवे तरी भक्कम हवेत. पण पांढरे लावले तर वाघ दुरून दिसणार, म्हणजे बराच वेळ भ्यावं लागणार. पिवळे लावले तर अगदी जवळ आल्यावर दिसणार, म्हणजे मग भ्यायलाही वेळ मिळायचा नाही.

"दोन्ही लाव," तो म्हणाला.

पांढऱ्या दिव्यांची पट्टी वर काचेच्या माथ्यावर बसली, आणि पिवळे दोन गोल दिवे खाली बंपरवर. बायको सोनिका जीपभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "वरून लग्नाचा मंडप दिसते, आन् खालून घुबड."

हे दिवे इतक्या लवकर कामाला येतील असं मात्र दुर्गेशला वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या, म्हणजे जिजाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुर्गेशनेच ओळखीच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन ठरवलं होतं. मागची तारीख जिजाबाईंच्या तापामुळे हुकली होती, ही हुकली तर डॉक्टर महिनाभर बाहेरगावी जाणार होते. सकाळी लवकर त्यांना दवाखान्यात पोचवायचं होतं. गावातल्या ऑटोवाल्याने येतो म्हणून कबूल केलं होतं, पण आदल्या संध्याकाळी सासऱ्यांचा, ताराचंदजींचा, फोन आला.

"जवाई, ऑटोवाला नाई म्हन्ते. सकाळी धुकं एवढं पडून राहिलं की हाताले हात दिसत नाई. तुमच्या जीपीले म्हने मोठे लाइट लावले?"

दुर्गेश काही बोलायच्या आत सोनिकाने फोन घेतला. "लावले बाबा. दोन दोन रंगाचे. आम्ही येऊन राहिलो पहाटे."

पहाटे मनसर गाव मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. डांबरी रस्ता सोडून जीप हिवराटोल्याच्या कच्च्या वाटेला लागली आणि धुक्याने तिला गिळलं. दुर्गेशने हेडलाइट चालू असतानाही वरची पांढरी पट्टी लावली. समोर एकदम दुधाची भिंत उभी राहिली. त्या भिंतीत स्वतःचंच बोनेट तेवढं दिसत होतं.

"बंद करा ते! डोळे फुटले माझे!" सोनिका ओरडली. "पिवळे लावा ना. त्यासाठीच घेतले ना?"

त्याने पांढरे सगळे दिवे, हेडलाइटसकट, बंद केले आणि पिवळे लावले. खरंच, वाट दिसू लागली. चाकोरी दिसली, बांधावरचं गवत दिसलं. साहिल खोटं बोलला नव्हता. दुर्गेशला थोडा धीर आला. तो पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकत राहिला आणि कालव्याजवळच्या वळणावर त्याने करकचून ब्रेक दाबला.

समोर, धुक्याच्या आत, दोन डोळे होते.

पांढरे, गोल, न हलणारे.

"सोनिका," तो कुजबुजला, "काच वर घे."

"काच कुठं आहे? परदा आहे."

तेवढ्यात फोन वाजला. दोघंही जागच्या जागी उडाले. ताराचंदजी होते, आणि तेही कुजबुजत होते.

"जवाई, कुठं पोचले?"

"कालव्याजवळ, मामाजी."

"तिथंच थांबा! पुढं येऊ नका! मी आन् ओमप्रकाश तुमाले घ्याले पुलावर येऊन उभे हाओ. आमच्या समोर वाघ हाये!"

"मलेही दिसून राहिला!" दुर्गेशचा आवाज चिरकला.

"तुमालेबी दिसला? ओमप्रकाश, जवाईलेबी दिसला गा! मी म्हनत नव्हतो?"

ओमप्रकाश म्हणजे ताराचंदजींचा शेजारी, आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा प्रमुख. तो फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "भल्ला मोठा हाये जवाई. दोन डोळ्यायच्या मधात दोन हात अंतर हाये. आन् एकसारखा गुरगुरून राहिला."

दुर्गेशने कान दिला. जीपच्या इंजिनापुढे त्याला काही ऐकू आलं नाही.

"मामाजी, डोळे पांढरे आहेत ना त्याचे?"

"पांढरे? नाई बा. पिवळे हायेत. हळदीसारखे."

"माझ्यावाल्याचे पांढरे आहेत."

मग ओमप्रकाशचा कापरा आवाज आला. "म्हनजे दोन हायेत. जोडी हाये."

दुर्गेशने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. सोनिका एवढा वेळ धिटाईने पुढे वाकून बघत होती. जोडी म्हटल्यावर तीही मागे सरकली.

"आम्ही पुंजन्यावर चढून राहिलो," ताराचंदजी धापा टाकत म्हणाले. पुलाशेजारच्या बांधीत कापलेल्या धानाचं मोठं पुंजणं रचलेलं होतं. "ओमप्रकाश पहिले चढला. माझा पाय घसरून राहिला. अरे, हात दे ना गा!"

आणि दुर्गेशच्या डोळ्यांदेखत समोरचा एक पांढरा डोळा वर वर जाऊ लागला. दुसरा खालीच राहिला, थरथरला, मग तोही वर गेला.

"मामाजी!" दुर्गेश ओरडला. "माझावाला मागच्या पायावर उभा राहिला! आन् मान वाकडी केली त्यानं!"

"झडप घालते तो! लाइट बंद करा तुमचे, भडकला असंल!"

दुर्गेशने पिवळे दिवे बंद केले.

"जवाई!" ताराचंदजी आनंदाने म्हणाले. "आमच्यावाल्यानं डोळे मिटले!"

"माझे मिटून राहिले मामाजी, पण त्याचे नाई मिटले! तुमच्याकडे काही उजेड असंल तर तुम्हीही बंद करा."

"ब्याटऱ्या हायेत आमच्याजवळ. ओमप्रकाश, बंद कर."

पांढरे डोळे मिटले. आता सगळीकडे नुसता राखाडी अंधार उरला. वाघ दिसत होते तोपर्यंत निदान ते कुठे आहेत हे ठाऊक होतं. आता तेही कळेना. फोनच्या दोन्ही टोकांना फक्त श्वास ऐकू येत होते. ओमप्रकाशने तेवढ्यात ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला, की दोन वाघ गावाकडे निघाले आहेत, लेकरं घरात घ्या आणि सगळे छतावर जा.

आणि मग दुर्गेशला आवाज आला.

खस. खस. धानाच्या खुंटांतून कोणीतरी सावकाश पाय टाकत येत होतं. थांबत होतं. पुन्हा येत होतं. आवाज जीपच्या उजव्या बाजूला आला, पुढे गेला. बोनेटवर काहीतरी धप्पकन आपटलं. दुर्गेशने स्टिअरिंगला मिठी मारून डोळे गच्च मिटले. त्याला दुकान आठवलं, लेक पायल आठवली, आणि विम्याचा हप्ता भरला की नाही ते आठवेना. दाराचा कापडी परदा बाहेरून चाचपडला गेला, हलला, बाजूला झाला.

"कोनाची गाडी होय वं ही?" एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं. "एसटीच्या थांब्यापावतर सोडून देता काय?"

"आई!" सोनिका किंचाळली.

जिजाबाई डोक्यावर गाठोडं, खांद्याला पिशवी आणि पायात रबरी चपला अशा उभ्या होत्या. लेकीचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळायला हवा होता. तो पडला.

"तू कशी वं इथं?"

"तुले घ्यायले आलो ना! तू एकटी कशी आली? इथं दोन वाघ आहेत!"

"कुठं हायेत वाघ?" जिजाबाईंनी धुक्यात इकडे तिकडे पाहिलं. त्यांना गेली दोन वर्षं सगळं असंच दिसत होतं. "मले तर इंजिनाचा आवाज आला. डिझेलचा वास आला. वाघ डिझेल पिते काय?"

सोनिकाने एकदा बोनेटकडे आणि एकदा फोनकडे पाहिलं. मग तिने हात लांबवून पिवळ्या दिव्यांचं बटन दाबलं.

फोनमधून ताराचंदजी ओरडले, "उघडले! डोळे उघडले त्यानं!"

तिने बंद केलं. "मिटले!" तिने पुन्हा लावलं.

"उघडले! सोनिका, जवाईले सांग, हा आता—"

"बाबा," सोनिका म्हणाली, "तुमच्या ब्याटऱ्या लावा बरं दोघांच्या."

धुक्यात, उंचावर, दोन पांढरे डोळे उघडले. एक वर, एक जरा खाली. दुर्गेशने ते पाहिले आणि हळूच पाय सीटवरून खाली सोडले.

दोघं वाघ पुंजण्यावरून उतरून आले, तेव्हा त्यांच्या केसांत तणीस, म्हणजे धानाच्या काड्या, अडकलं होतं. ओमप्रकाश म्हणाला, की खरा वाघ होताच, तो गाडी पाहून पळाला. पण ताराचंदजींचं लक्ष बायकोकडे होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमी दोघं गडी पुंजन्यावर, आन् ही बाई वाघाच्या अंगावर चालून गेली! घरून एकटी, जवाईले शोधत! वा वं जिजा!"

"आई माझी पहिल्यापासून अशीच," सोनिकाने अभिमानाने नवऱ्याकडे पाहिलं. दुर्गेशने मान खाली घातली.

ओमप्रकाश गावाला छतावरून उतरवायला गेला, आणि जीप नागपूरकडे वळली. जिजाबाई पुढे बसल्या होत्या, गाठोडं मांडीवर घट्ट धरून. मागे बापलेक थोड्याच वेळात पेंगू लागले. ऊन वर येत होतं, धुकं विरत होतं. दुर्गेशची नजर पुन्हा पुन्हा त्या गाठोड्याकडे जात होती. शेवटी तो म्हणाला, "आत्याबाई, दवाखान्यात एवढं सामान लागत नाई. तासाभराचं काम आहे."

जिजाबाईंनी मागे कान दिला. दोघांचे श्वास जड झाल्याची खात्री करून घेतली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "दवाखान्याचं नाई ते, जवाई. भिवापूरले चालली होती मी. बहिनीकडं."

"काहून?"

"डोळ्यात चाकू घालतेत म्हने!" त्यांचा आवाज थरथरला. "हे दोघं पुलावर गेले, मंग मी मागच्या दारानं निंगाली. पहिली एसटी पकडनार होती. तुमच्याच गाडीवर येऊन आपटली बापा. मागच्या वेळी तापबी नव्हता मले."

दुर्गेशने गिअर बदलला. मग म्हणाला, "मी सीटवर पाय घेऊन बसलो होतो. डोळे मिटून."

"खरं?"

"तुम्ही बोनेटवर हात ठेवला तेव्हा रामराम म्हणून राहिलो होतो."

जिजाबाई पहिल्यांदा जराशा हसल्या. "कोनाले सांगू नका."

"तुम्हीही नका सांगू."

दवाखान्यात सोनिका आणि ताराचंदजी खाली फॉर्म भरायच्या रांगेत थांबले, आणि वर जिजाबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले गेले. डोक्याला हिरवी टोपी चढली. त्यांनी जावयाचं मनगट असं काही पकडलं होतं, की सोडवणं शक्य नव्हतं; म्हणून नर्सने दुर्गेशलाही दारापर्यंत येऊ दिलं.

"घाबरू नका आजी," नर्स प्रेमाने समजावू लागली. "काहीच नसते. डोळा मिटू नये म्हणून आधी चिमटा लावतात. मग बाजूला एवढासा छेद देतात, आतलं जुनं भिंग फोडून बारीक करतात आन् ओढून घेतात—"

मनगट जिजाबाईंच्या हातातून आपोआप सुटलं. त्यांनी वळून पाहिलं. म्हणजे पाहिलं असं नाही, पण काहीतरी मोठं, पांढरं आणि ओळखीचं भिंतीवरून घसरत खाली जाताना त्यांना जाणवलं.

धावपळ झाली. जिजाबाईंसाठी तयार ठेवलेल्या स्ट्रेचरवर दुर्गेशला आडवं करण्यात आलं. कोणीतरी पाणी शिंपडलं, कोणीतरी त्याचे बूट काढले. जिजाबाई उशाशी उभ्या राहून पदराने वारा घालत होत्या. "अवं, पाय वर करा त्यायचे! चहा आना कोनी, साखर जास्त घाला! लेकरू पहाटपासून उपाशी हाये!" त्यांच्या आवाजात कापरं कुठे राहिलं नव्हतं.

दुर्गेशने डोळे उघडले, तेव्हा सगळं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात हिरव्या टोपीतला एक चेहरा त्याच्यावर वाकलेला होता.

"झालं ऑपरेशन?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"पडून राहा तुम्ही गपचूप," जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, पदर खोचला आणि नर्सचा हात धरला. "चाल वं पोरी. मले चालत ने. माझं लवकर करून टाका, जवाईजवळ बसाले कोनी नाई."

आणि त्या आत गेल्या.