नंदीच्या पायातला पाईप

“अहो, तुमचा नंदी बसला बघा पुन्हा!”

सिद्धेश्वरीबाईंची ही हाक गेली दोन वर्षं रोज सकाळी त्या घरात उठत होती. नंदी म्हणजे अंगणातली जुनी जपानी मोटारसायकल. संध्याकाळी ताठ उभी केलेली ही गाडी रात्रभरात पुढच्या पायांतली हवा सोडायची आणि उजाडेपर्यंत देवळातल्या नंदीसारखी खाली वाकायची.

“बसला नाही, वाकलाय,” असं म्हणत गुरुबसप्पा सायकलचा पंप घेऊन बाहेर यायचे.

गाडी लांबच्या प्रवासाची. अठ्ठ्याऐंशी साली गिरणीत मशीन बसवायला आलेला परदेशी साहेब तिच्यावर बसून आला होता. जाताना विमानात मावेना म्हणून त्याने ती फिटर गुरुबसप्पांच्या गळ्यात बांधली. पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर, सायकलच्या ट्यूबला असतो तसा एकेक वॉल होता. त्यातून हवा भरली की खड्ड्यातही गादीवर बसल्यासारखं वाटायचं. हवा लागायची चिमूटभर, पण पंपाची नळी काढताना फुस्स करून निम्मी निघून जायची. मग पुन्हा भरायची. पुन्हा फुस्स.

एकदा कंटाळून गुरुबसप्पा टायरवाल्याकडे गेले. त्याने ट्रकच्या मापाने हवा मारली. गाडी घोड्यासारखी पुढून उठली, आतले ऑइलसील फाटले आणि काळ्या तेलाची चूळ सिद्धेश्वरीबाईंच्या नव्या इरकलीवर उडाली. ती इरकल अजून पेटीत तळाशी होती. तो विषय मात्र कायम वरच्या घडीत.

इतकं असूनही एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यांचा नवरा घरात दिवसाला चार वाक्यं बोलायचा. “चहा झाला?”, “पेपर आला?”, “मीठ कमी आहे” आणि “झोपतो”. पण तोच माणूस गाडीवर बसला, गाव मागे पडलं, की मान तिरकी करून बोलायला लागायचा. गिरणीच्या भोंग्याचं, आईच्या हातच्या हुग्गीच्या खिरीचं, लग्नात बाईंनी रडून सुजवलेल्या डोळ्यांचंसुद्धा. पदर तोंडात धरून त्या मागे बसायच्या आणि सगळं ऐकायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, “कंबर मोडली माझी. विका एकदाचं हे धूड!”

हे वाक्य पुण्याच्या मुलाने, शिवयोगीने, इतक्या वेळा ऐकलं होतं की शेवटी ते त्याने मनावर घेतलं.

“अप्पा, तुमचं वय बहात्तर, गाडी अडीचशे किलोची,” तो फोनच्या स्पीकरवरून म्हणाला. “आईपण कंटाळलीय. मी गिऱ्हाईक बघितलंय. माढ्याकडं हायवेवर धाबा आहे त्यांचा. दारात चौथऱ्यावर उभी करणार आहेत. फक्त गाडी नीट उभी राहिली पाहिजे. द्याल ना दुरुस्त करून? शब्द द्या.”

गुरुबसप्पांनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं ‘विका’ म्हणून आता ‘नको’ कोणत्या तोंडाने म्हणायचं, म्हणून त्या पोळपाट पुसत राहिल्या.

“दिला शब्द,” गुरुबसप्पा म्हणाले. चारांतलं एक वाक्य त्यातच संपलं.

दुसऱ्या दिवशी हारून मिस्त्री आला. गिरणीच्या काळापासूनचा दोस्त. त्याने पुढचे दोन्ही पाय उघडले, आत बोट घातलं, तेल हुंगलं आणि निकाल दिला.

“काका, ये हवा का झंझट अब नक्को. सील कितीदा बदलणार? हवाच काढून टाकू. दुसऱ्या गाडीच्या कडक स्प्रिंगा घालतो. त्या चार बोटं आखूड पडतील, तर वरून जाड पाईपचा एकेक तुकडा बसवायचा. एकदम फिट! वॉल राहू दे शोभेला, गिऱ्हाइकाला आवडतंय.”

“पाईप मी बघतो,” गुरुबसप्पा म्हणाले.

आणि मग त्यांनी घरात येऊन असा प्रश्न विचारला, जो चाळीस वर्षांत कधी विचारला नव्हता.

“नळाला पाणी कधी आहे गं?”

सिद्धेश्वरीबाईंच्या हातातली पळी थांबली. पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी हे या घरात फक्त त्यांचं खातं होतं. “सोमवारी. सकाळी आठला. का?”

“सहज.”

गाडी जाणार म्हणून माणूस आतापासूनच घरात लक्ष घालायला लागला, असं समजून त्यांनी पळी उगाचच जोरात फिरवली.

हारूनने नंदीचे पाय पुन्हा जोडून दिले. ज्ञानबा माने धाबेवाले रविवारी येणार होते, ते सोमवारवर गेलं. सोमवारी पहाटे गुरुबसप्पा आंघोळीला गेले तशा सिद्धेश्वरीबाई अंगणात आल्या. अंबाड्यातला आकडा काढला. शिवयोगीच म्हणाला होता ना, गाडी उभी राहिली पाहिजे म्हणून? मग ती बसली तर? त्यांनी वॉलवर आकड्याचं टोक दाबलं.

फुस्स झालं नाही. दुसरा वॉल दाबला. तिथेही काही नाही. नंदी परेडमधल्या हवालदारासारखा ताठ. त्यांनी हँडलवर दोन्ही हातांनी भार दिला, मग पोटाने दिला. गाडी ढिम्म.

“मेला, आयुष्यभर वाकलास आणि आज ताठ झालास!” त्या पुटपुटल्या आणि आतून खाकरण्याचा आवाज येताच पळाल्या. आकडा कुठे पडला, कळलंच नाही.

पावणेआठला ज्ञानबा आले. गाडी दाखवायला हारून आधीच हजर होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पायांत करकरणाऱ्या वहाणा. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, पुढून दाबून पाहिली.

“लई भारी हाय की! आवंदा धाब्याचं नावच बदलतू. हिला फुलांची माळ घालून हुबी करतू.”

माळ हा शब्द ऐकून सिद्धेश्वरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नळातही यायची वेळ झाली. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने पाण्याची मोटर चालू केली.

सोलापूरच्या नळाला आधी हवा येते, मग पाणी. पहाटे वॉलमधून जो आवाज यायला हवा होता, तो आता अंगणातल्या पिंपामागून आला. फुस्स, खर्रर्र, फुस्स. आणि पुढच्या क्षणी पाण्याचा जाड फवारा पिंपावरून उडून नेमका ज्ञानबांच्या इस्त्रीवर पडला.

“अगं बाई! येन्री इदु?” सिद्धेश्वरीबाई घाबरल्या की कानडीवर यायच्या. पिंप सरकवून पाहतात, तर हौदाकडे जाणारा पाईप मधूनच गायब. चांगलं वीतभर भगदाड.

“काका,” हारून हळूच म्हणाला, “तो पाईप इथला होता?”

गुरुबसप्पांनी आभाळाकडे पाहिलं.

“मोटर बंद करा आदी!” ज्ञानबा निथळत ओरडले. त्यांचं मूळ गाव सांगोल्याकडचं. टँकरमागे पळून वाढलेला माणूस. “कापडं मरू द्यात. पानी धरा, पानी! किती येळ येतंय?”

“दीड तास,” बाई म्हणाल्या. “नंतर थेट शनिवारी.”

हारूनने चिंध्या बांधून पाहिल्या. पाण्याने त्या भिरकावून दिल्या. सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, तर ती बेडकासारखी फुगली. नवा पाईप आणावा तर दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत.

त्या क्षणी सिद्धेश्वरीबाईंना आठवलं. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, याच मापाचा अख्खा पाईप पडला होता. नळाचं काम झालं तेव्हा उरलेला. त्यांनी तोंड उघडलं. मग गाडीकडे पाहिलं. मग तोंड मिटलं आणि आवाज चढवून पुन्हा उघडलं.

“मला काही माहीत नाही! गाडीतला पाईप काढा आणि जिथला तिथे लावा. बिनपाण्याचं पाच दिवस कोण राहणार?”

“अक्का, गाडी बैठ जाएगी!”

“बसू दे!”

ज्ञानबाच पहिल्यांदा पुढे सरसावले. “वैनी बराबर बोलत्यात. गाडी काय, थांबल. पानी थांबत न्हाय.”

हारूनने नंदीच्या पायांवरच्या टोप्या भराभर खोलल्या, दोन्ही तुकडे बाहेर काढले. तुकडे निघाले तसा नंदी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, सावकाश पुढचे गुडघे टेकून बसला. तुकडे पाईपात घातले, वर ट्यूब आवळली, आणि सांधे सुटू नयेत म्हणून ज्ञानबा स्वतः दीड तास ते दोन्ही हातांनी धरून चिखलात उकिडवे बसले. हौद भरला. पिंपं भरली. शेजारणीच्या दोन कळश्याही भरल्या.

मग शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी खाता खाता ज्ञानबांनी गाडीकडे पाहिलं.

“व्हय ओ, म्हंजी ही गाडी नळाच्या पायपावर हुबी हुती?”

“होय,” गुरुबसप्पा म्हणाले.

“नगं मग. माझ्या दारात चारचौगांत बसली तर लोक हसतील. पर भाकरी झ्याक हुती बगा, वैनी.” आणि ते ओल्या वहाणा करकर वाजवत निघून गेले.

गुरुवारी हारूनने नवे तुकडे बसवले. संध्याकाळी गुरुबसप्पांनी गाडी अक्कलकोट रस्त्याला लावली. गाव मागे पडलं, तशी त्यांनी मान तिरकी केली.

“माळ्यावर पाईप होता. बोलली नाहीस.”

सिद्धेश्वरीबाईंनी तोंडातला पदर काढला. “तुम्हाला ठाऊक होता?”

“मीच ठेवलाय की तो चादरीत.”

“मग नळाचा कशाला कापलात?”

“शिवयोगीला शब्द दिला होता, गाडी दुरुस्त करीन म्हणून. केली. पाईप कुठला घालीन, हे कुठे बोललो होतो? ज्ञानबा रविवारीच येत होता. मीच म्हटलं, सोमवारी या, आठच्या सुमाराला.”

सिद्धेश्वरीबाईंनी पदर दातांत घट्ट धरला. हसू तरीही निसटलंच.

गुरुबसप्पांनी मग खिशात हात घातला आणि मान न वळवता खांद्यावरून काहीतरी मागे दिलं. केसांचा आकडा.

“वॉलपाशी सापडला. हवा नसते गं आता त्यात.”

त्यांनी आकडा घेतला आणि मुकाट्याने अंबाड्यात खोचला. मोठा खड्डा आला. नंदीने तो नुसता हुंकार देऊन पार केला.

“शिवयोगीचा फोन होता सकाळी,” गुरुबसप्पा म्हणाले. “दुसरं गिऱ्हाईक बघितलंय म्हणतो. कधी पाठवू, विचारत होता.”

सिद्धेश्वरीबाईंनी बोटांवर दिवस मोजल्यासारखं केलं. खरं तर मोजायची गरज नव्हती.

“शनिवारी सकाळी आठला या म्हणावं.”