धोका कोणापासून? नाव आणि पत्ता लिहा

गल्लीची रुंदी सहा मीटर. ती मोजली नंतर. तोवर कुणाला गरज पडली नव्हती.

बेकरीवाला पहाटे चारला उठतो.

चष्मेवाल्याचा मेहुणा बंदूक घेतल्यापासून बसण्याआधी खुर्ची भिंतीला टेकवून घेतो.

शब्दकोड्यातले आडवे शब्द चष्मेवाला सोडवतो, उभे बेकरीवाला. वर्तमानपत्र एकच. अकरा वर्षांत भांडण झालं ते फक्त दोघांच्या वाट्याला येणाऱ्या अक्षरांवरून.

रकाना क्रमांक सतरा : धोका कोणापासून? नाव, पत्ता आणि धोक्याच्या वेळा. (रिकामा सोडू नये.)

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जोडण्याचं काम परवाना कार्यालयाने केलं.

सुरुवात मेहुण्यापासून झाली. चष्मेवाल्याच्या बायकोचा हा धाकटा भाऊ एका रविवारी जेवायला आला आणि हात धुवेपर्यंत बंदुकीबद्दलच बोलत राहिला. निघताना त्याने दाराची कडी दोन बोटांनी हलवून पाहिली.

"भावोजी, हिला कडी म्हणता तुम्ही?"

चष्मेवाला सगळ्या गल्लीचे डोळे तपासतो. लोकांना लांबचं दाखवण्यात आपलं आयुष्य गेलं आणि घरची कडी काही आपल्याला दिसली नाही, हे त्याच्या मनाला लागलं. घराच्या संरक्षणासाठी बंदूक घ्यायची, असं त्याने जाहीर केलं.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" बायकोने विचारलं.

"माणसं आहेत."

"तुम्हाला कोण नेणार? नेलं तरी संध्याकाळपर्यंत आणून सोडतील."

दुसऱ्या दिवशी तो परवाना कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारपाशी उभा राहिला. खिडकीमागच्या बाईंनी अर्जाची अकरा पानं उलटली आणि बोट ठेवलं.

"सतरा रिकामा आहे."

"चोरांपासून धोका आहे. लिहायचं राहिलं."

"चोराचं नाव?"

"ते मला कसं माहीत असणार? तो अजून आलेला नाही."

"आल्यावर पोलिसांकडे जायचं. आमच्याकडे आधीचं काम होतं."

"मग 'अज्ञात इसम' लिहितो."

"अज्ञात इसमाला नोटीस कुठे पाठवू?"

"नोटीस कसली?"

"आपण धोका आहोत हे त्या माणसाला कळायला नको का? त्याची बाजू न ऐकता त्याला धोका ठरवणं बरं दिसत नाही." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तुमच्या सगळ्यात जवळ कोण राहतं?"

"समोर बेकरीवाला राहतो. पण तो मित्र आहे माझा."

"घरात येणं-जाणं?"

"रोजचं. जादाची किल्लीही त्याच्याकडेच असते."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आणि तुम्ही इतकी वर्षं अशीच काढलीत?"

चष्मेवाल्याने बेकरीवाल्याचं नाव लिहिलं. धोक्याच्या वेळांपुढे 'पहाटे चार ते रात्री नऊ' असं लिहिलं. रिकामा रकाना भरायचा आहे, एवढाच त्याचा हेतू होता. बहुतेक वाईट गोष्टी याच हेतूने झालेल्या असतात.

चौथ्या दिवशी बेकरीवाला एका हातात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात नोटीस घेऊन आला. नोटिशीत लिहिलं होतं, 'आपणांस धोका म्हणून नोंदविण्यात आले आहे. हरकत असल्यास आपण धोका नसल्याचा पुरावा सात दिवसांत सादर करावा.'

"अरे, मी धोका?"

"कागदावर रे. फक्त कागदावर."

"पहाटे चार ते रात्री नऊ लिहिलंयस. दुपारी मी दोन तास झोपतो, माहितीय ना तुला?"

"राहिलं ते. दुरुस्ती करून घेऊ."

बेकरीवाला पोट धरून हसला आणि पुरावा द्यायला कार्यालयात गेला. पण धोका नसल्याच्या पुराव्याचा नमुना अजून छापून आला नव्हता. बाईंनी मात्र एक वेगळी सोय दाखवली. ज्याला धोका मानून दुसरा माणूस बंदूक घेतो आहे, त्याला त्या बंदुकीपासून धोका असतो. तेव्हा त्याने नमुना 'ब' भरावा, निकाल लवकर लागतो. आलोच आहोत तर भरून टाकू, असं बेकरीवाल्याला वाटलं.

"सतरामध्ये तुझंच नाव टाकलं," संध्याकाळी तो जरा अवघडून म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं टाकणं बरं दिसलं नसतं."

"बरोबर केलंस," चष्मेवाला म्हणाला. आणि त्याला आतून थोडं वाईट वाटलं.

खरी अडचण आठवड्याने आली. नियम असा निघाला, की नोंद कायम असेपर्यंत अर्जदार आणि धोका यांनी परस्परांत तीस मीटर अंतर राखावं. निरीक्षक फीत घेऊन आला. गल्ली सहा मीटर भरली. गल्ली रुंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसल्यामुळे त्याने तारखा वाटून दिल्या : सम तारखेला चष्मेवाला, विषम तारखेला बेकरीवाला. सम तारखांना बेकरीवाला सासुरवाडीला राहू लागला. पाव एक दिवसाआड मिळू लागला. विषम तारखांना चष्मेवाला मेहुण्याकडे, भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर बसू लागला.

आणि कोडं अडलं. आडवे शब्द भरून वर्तमानपत्र बेकरीवाल्याकडे पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा, आणि त्या दिवशीच्या अंकात उत्तरं छापून यायची. उत्तरं आल्यावर उभे शब्द सोडवण्यात माणसाची अब्रू राहत नाही. एकदा चष्मेवाल्याने उभे शब्द एकट्यानेच करून पाहिले. सगळे जमले. त्या दिवशी तो जेवला नाही.

"बंदूक नको, नोंद काढून टाका," असं सांगायला तो खिडकीपाशी गेला, तर पुढे गल्लीतली अठ्ठावीस माणसं रांगेत होती. आपल्या गल्लीत दोन बंदुका येणार म्हटल्यावर धोका आता खरोखरच निर्माण झाला होता, शिवाय त्याला नाव आणि पत्ताही होता. शिंप्याने चष्मेवाल्याचं नाव दिलं, नळदुरुस्तीवाल्याने शिंप्याचं. एका जावयाने सासूबाईंचं नाव दिलं. पत्ता एकच असल्याने नोटीस सासूबाईंनीच सही करून घेतली आणि त्याला चहाबरोबर आणून दिली. निवृत्त मुख्याध्यापिका तेवढ्या चिडून आल्या होत्या. त्यांचं नाव कुणीच दिलं नव्हतं.

"तीस वर्षं या गल्लीला शिकवलं," त्या खिडकीत वाकून म्हणाल्या, "आणि एकालाही माझी भीती वाटू नये?"

शिंप्याने लगेच पुरवणी अर्ज भरून त्यांचा मान राखला.

निरीक्षकाने गल्लीचा नकाशा काढला. प्रत्येक घरातून एक बाण निघत होता आणि दुसऱ्या घरात घुसत होता. अहवालात त्याने नमूद केलं, 'सदर गल्लीतील प्रत्येक रहिवासी किमान एका रहिवाशास धोका आहे.' गल्ली अतिधोक्याची ठरली. अतिधोक्याच्या वस्तीत शस्त्र देऊ नये, असा नियम क्रमांक नऊ आहे. सगळे अर्ज एका शिक्क्यात फेटाळले गेले.

"म्हणजे धोका नसेल तर बंदूक मिळत नाही," चष्मेवाला म्हणाला, "आणि असेल तर देता येत नाही."

"बेताचा असावा लागतो," बाई म्हणाल्या.

"बरं, मग आता मित्राचं नाव तरी काढा."

"अर्ज फेटाळला. नोंद राहते. नोंदी वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर कळलं, की नोंद रद्द करायला एक प्रतिष्ठित साक्षीदार लागतो, ज्याचं नाव कुणाच्याही सतराव्या रकान्यात नाही. चष्मेवाल्याने सगळी गिऱ्हाइकं पालथी घातली. डॉक्टर सापडले, वकील सापडले, दोन पुरस्कारविजेते सापडले. खिडकीवर नाव तपासलं की प्रत्येकाचं कुठे ना कुठे निघत होतं. कुणीही रागावलं नाही. 'कुणी दिलं?' एवढंच सगळे विचारत, आणि कळलं की जाता जाता नमुना 'ब' मागून घेत.

मार्ग शेवटी बेकरीवाल्यालाच सापडला. नोंदीवर हरकत घेतली की सुनावणी होते, त्या दिवशी उभय पक्षांनी समोरासमोर हजर राहायचं असतं, आणि बाहेरच्या दालनात बाक एकच आहे. तिथे तीस मीटरांचा नियम लागू नाही. दोघांनी रोजची सुनावणी मागितली. ती मिळाली, कारण अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती.

आता साडेदहाला दोघे त्या बाकावर बसतात. मध्ये वर्तमानपत्र, विषम तारखांना बेकरीवाल्याकडून ताजा पाव. पुकारा झाला की दोघे उठून एका सुरात पुढची तारीख मागतात. बाईंना जेवणाच्या सुट्टीत एखादा शब्द सुचला तर त्या खिडकीतून सांगतात. बाकीच्या गल्लीनेही रोजची सुनावणी मागून घेतली. शिंपी मशीनच घेऊन येतो. सासूबाई आणि जावई एकाच डब्यातून जेवतात. गल्ली दिवसभर रिकामी असते आणि सगळे म्हणतात, इतकं सुरक्षित पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

बाकावर अजून दोन माणसांची जागा आहे. आपलं नाव कुठे असण्याचं काही कारण नाही, असं वाटत असेल तरी एकदा तपासून यावं. खिडकी क्रमांक चार. शेजारी घरी असतील तर त्यांना काही सांगायची गरज नाही. ते बहुधा जाऊन आलेले असतील.

अर्जाचा हा नमुना पक्का करण्याआधी सगळ्या नागरिकांकडून तीस दिवस हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही.